शाळेतल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना सॉफ्टबॉल शिकवायचा आहे, सुरुवात कशी करू? (सोलापूर)

सर, सातवी-आठवीची पोरं, सगळी क्रिकेटवाली, ग्लोव्ह मोजून सहा आणि पंधरा दिवसांत दोघांचे खांदे दुखायला लागले, असं तुम्ही लिहिलंय. पहिले तीन आठवडे बॅट कपाटातच राहू द्या. या वयात रन जातात त्या फटक्यांपेक्षा चुकलेल्या थ्रोवर जास्त.

खांदा दुखण्याचं कारण बहुधा थ्रोमध्येच सापडेल. क्रिकेट खेळणारं पोरगं छाती समोर ठेवून, कोपर खाली पाडून नुसत्या हाताच्या जोरावर फेकतं. सॉफ्टबॉलचा 12 इंची चेंडू साधारण 180 ते 200 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड आणि घेरानं बराच मोठा. त्यामुळे तीच सवय इथं खांद्याला महागात पडते. उजव्या हातानं फेकणाऱ्याचा डावा खांदा आणि डावा पाय आधी समोरच्याकडे वळवून घ्या. पाय टेकला की कंबर फिरते, मग हात येतो, आणि कोपर खांद्याच्या रेषेच्या खाली जात नाही. चेंडू सुटल्यावर हात डाव्या गुडघ्याच्या बाहेरपर्यंत उतरू द्यायचा. मध्येच आवळला तर सगळा झटका खांद्यालाच बसतो. पकड शिवणीवर बोटांची, तळव्याची नाही. हात लहान असेल तर तीन बोटं चालतील, नाहीतर 11 इंची चेंडू द्या. आधी पळून अंग गरम करायचं, मग 8 मीटरवरून वीस थ्रो, मग 12 मीटर, शेवटी 18. चेंडू कमान करून जायला लागला की अंतर पुन्हा कमी करा.

ग्लोव्ह फेकायच्या हातात घालायचा नाही. हे सांगायलाच लागतं, कारण पोरं सवयीनं चांगल्या हातात घालतात. डावखुऱ्यांसाठी वेगळा ग्लोव्ह लागतो, सहांत एक तरी असू द्या. चेंडू कमरेच्या वर आला तर बोटं वर, खाली आला तर बोटं खाली. दुसरा हात ग्लोव्हच्या बाजूला, अंगठा आत. तो पुढं उघडा धरला की बोट मुरगळलंच. ज्यांना ग्लोव्ह मिळाला नाही त्यांना टेनिस बॉलवर हेच करायला लावा.

उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते आठ, त्यापुढं नको. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर तिथं ग्राउंडर (जमिनीवरून घरंगळत येणारे चेंडू) घेऊ नका. चेंडू कुठंही उडतो आणि घोटे मुरगळतात. मुरूम टाकलेला पट्टा शोधा.

पळण्यात दोन सवयी मोडाव्या लागतात. चेंडू फेअर (मैदानाच्या दोन कडेच्या रेषांच्या आत) गेला की पळायचंच, "येस-नो" नाही, आणि बॅट तिथंच खाली टाकायची, भिरकवायची नाही. पहिल्या बेसवरून (बेस म्हणजे पळताना ओळीनं गाठायचे टप्पे) सरळ पुढं निघून गेलं तरी चालतं. दुसऱ्या-तिसऱ्यावर मात्र पाय सुटला आणि टॅग (चेंडू धरलेल्या हाताचा किंवा ग्लोव्हचा स्पर्श) लागला की आउट. पिचरच्या (बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्याच्या) हातून चेंडू सुटायच्या आत बेस सोडला तरी आउट.

पिचर एकच ठेवू नका, तीन तयार करा. शालेय स्पर्धेत सामने लागोपाठ लागतात आणि आपण जिंकायच्या नादात एकाच पोरीला घासतो. हात खालून फिरतो म्हणून काही होत नाही, हा गैरसमज आहे. बेसबॉलमध्ये वरून फेकणाऱ्यांसाठी अमेरिकेत मर्यादा ठरवलेली आहे: 11-12 वर्षांना दिवसाला 85 पिच, 13-14 ला 95, आणि 66 किंवा जास्त झाले की चार दिवस विश्रांती. सॉफ्टबॉलचा हिशेब वेगळा, पण वहीत पिच मोजायची सवय लावायला हा आकडा पुरेसा आहे. कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर बाम चोळून खेळवू नका. या वयात तिथलं हाड अजून जुळलेलं नसतं. थ्रो बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मैदान आखताना काटकोन डोळ्यानं धरू नका. होमपासून (बॅटर उभा राहतो तिथून) दुसऱ्या बेसपर्यंत 25.86 मीटर सरळ मोजून खुंट्या मारा. दोन्ही खुंट्यांवरून 18.29 मीटरचे टेप ओढा. होमवरून बघताना उजवीकडे जिथं मिळतील तो पहिला बेस, डावीकडे तिसरा. फक्की त्यानंतर.