आमच्या मँचेस्टरच्या क्लायंटचं आडनाव साईडबॉटम आहे आणि टीममधले लोक त्यावर हसताहेत. हे खरंच कुणाचं आडनाव असतं का? मीटिंगमध्ये ते घ्यायचं कसं?

हो, खरंखुरं आडनाव आहे, आणि तुमच्या टीममधले लोक ज्या अर्थाने हसताहेत त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. क्लायंट मँचेस्टरचा आहे म्हणताय ना, मग तर काही नवलच नाही, कारण ही बॉटमवाली आडनावं मूळची त्याच पट्ट्यातली, लँकेशायर, चेशायर, वेस्ट यॉर्कशायर, म्हणजे पेनाइन डोंगरांच्या आजूबाजूची.

डोंगर आले की दऱ्या आल्या. जुन्या इंग्लिशमध्ये बॉटम म्हणजे दरीचा तळ, डोंगरांमधली सखल जमीन. आणि यातला साईड म्हणजे बाजू नाही बरं का, तो रुंद या अर्थाचा जुना शब्द आहे. म्हणजे रुंद दरीत राहणारे ते साईडबॉटम. आपल्या मावळात रोहिडखोरे, कानदखोरे आहेत ना, तसल्या एखाद्या खोऱ्याच्या नावापुढे ‘-कर’ जोडा, झालं आडनाव तयार! पार्श्वभागाला बॉटम म्हणायला लागले ते अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी, तोवर ही आडनावं कित्येक पिढ्या चालत आलेली होती, त्यामुळे ज्याने पहिल्यांदा हे नाव लावलं त्या बिचाऱ्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नसणार.

जुना अर्थ अजून पुरता गेलेलाही नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं वॉशिंग्टनमध्ये ज्या भागात आहे त्याचं नाव फॉगी बॉटम, म्हणजे धुक्याचा सखल भाग, आणि तिकडच्या बातम्यांत सर्रास येतं ते.

या घराण्यातली बाकीची मंडळी पण भारी आहेत. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात गुरं चारायची दरी. वॉल्टर विंटरबॉटम 1946 ते 1962 इंग्लंडच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर होते, चार वर्ल्ड कप टीम त्यांच्या हाताखाली खेळली. रॅम्सबॉटम तर मँचेस्टरच्या उत्तरेला अख्खं गावच आहे, त्याचा अर्थ कुणी मेंढ्याची दरी सांगतं कुणी रानलसणाची. वाफेच्या इंजिनाचा नाद असेल तर रॅम्सबॉटम सेफ्टी व्हॉल्व्ह ऐकला असेल, तो जॉन रॅम्सबॉटम या इंजिनियरचा.

क्रिकेट बघणाऱ्यांना तर साईडबॉटम नवीन नकोच! रायन साईडबॉटम, लांब कुरळ्या केसांचा डावखुरा फास्ट बोलर, 2008 ला हॅमिल्टनला न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली होती त्याने, 2010 चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकणाऱ्या टीममध्येही होता. वडील आर्नी साईडबॉटम पण इंग्लंडकडून 1985 मध्ये एक टेस्ट खेळले, आणि त्याआधी मँचेस्टर युनायटेडकडून फुटबॉल, म्हणजे बघा.

आणि गंमत म्हणजे बोथम हेही यातलंच! स्पेलिंग बदललं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच. 1980 ला वानखेडेवर ज्याने सेंच्युरी ठोकून वर 13 विकेट काढल्या त्या इयान बोथमच्या आडनावाला कुणी हसल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. काही घराणी साईडबॉटमचंही स्पेलिंग असंच थ घालून लिहितात.

आता मीटिंगचं. ब्रिटिश ऑफिसात शक्यतो पहिल्या नावानेच हाक मारतात, त्यामुळे तुम्हाला आडनाव घ्यायची वेळ फारशी येणारच नाही. ईमेलमध्ये आलंच तर मिस्टर साईडबॉटम असं सरळ पूर्ण लिहा, अर्धवट गाळून वगैरे लिहू नका, ते जास्त विचित्र दिसतं. उच्चार बहुतेक जण लिहिल्यासारखाच करतात, पण थट्टेला कंटाळून सिडीबोटोम असा काहीतरी उच्चार करणारेही असतात म्हणे, त्यामुळे पहिल्या कॉलला तो स्वतःचं नाव कसं सांगतो ते नीट ऐका आणि तसंच म्हणा. टीममधल्या हसऱ्या मंडळींना मात्र तोवर म्यूटवर ठेवा 😄