दोरीने बांधलेले चार बॅक

प्रश्न : सर, मी दहावीपासून मॅन्चेस्टर युनायटेड या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा चाहता आहे, आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एकदाही आमचा संघ लीग जिंकलेला बघितला नाही. दर उन्हाळ्यात जुने खेळाडू जातात, नवे येतात आणि टीव्हीवर सांगतात की संघाची नव्याने बांधणी चालू आहे, धीर धरा. २०२४-२५ मध्ये तर आम्ही पंधरावे आलो. बाबा म्हणतात, रात्री दीड वाजता जागून जीव कशाला जाळतोस? धीर धरायचा तरी किती?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बेटा, किती वर्षं ते मला सांगता येणार नाही. पण मॅच बघताना नजर कुठे ठेवायची ते सांगतो. ते मी मार खाऊन शिकलोय.

नव्वदच्या दशकात मी इथल्या एका शाळेत पीटी शिकवायचो. सलग दोन वर्षं आमचा फुटबॉल संघ पहिल्याच फेरीत बाहेर. तिसऱ्या वर्षी मी अकरापैकी आठ मुलं बदलली, आठवी-नववीतली पोरं घेतली. चिमणबागच्या मैदानावर पहिली मॅच पाच-शून्यने हरलो, दुसरी चार-शून्यने. शाळेत विचारणा झाली की जुनी मुलं निदान इतकी तरी हरत नव्हती, मग हे कशासाठी?

पाचातले तीन गोल एकाच वाटेने झाले होते : लेफ्ट बॅक आणि सेंटर बॅक, म्हणजे बचावातला डावीकडचा आणि मधला खेळाडू, यांच्या मधल्या फटीतून. दोघंही गुणी पोरं. पण चेंडू आला की याला वाटे तो घेईल, त्याला वाटे हा घेईल. दुसऱ्या दिवशी मी घरून कपडे वाळत घालायची दोरी नेली. चारही बॅकच्या कमरेला बांधली, दोघांत आठ-आठ पावलांचं अंतर ठेवून, आणि समोर चेंडू इकडून तिकडे फिरवायला लागलो. एक सरकला की शेजारच्याला ओढ बसायची. पहिल्या दिवशी दोघं आपटले, एकाचा गुडघा सोलवटला. तीन आठवड्यांनी दोरी सोडली, तरी चौघं ओढ बसल्यासारखे एकदम सरकत होते. त्या वर्षी आम्ही जिंकलो एकच मॅच. पण शेवटची मॅच एक-शून्यने हरलो तेव्हा तो गोल कॉर्नरवरून झाला होता, त्या फटीतून नाही. सायकलवर घरी येताना मला इतका आनंद झाला होता, आणि तो कुणाला समजावून सांगता येत नव्हता.

मोठ्या क्लबांतही हेच असतं. तुझे आर्सेनलवाले मित्र आज चिडवतात ना, त्यांना ऑगस्ट २०२१ आठवायला सांग. त्याआधी सलग दोन सीझन आठवा नंबर. त्या उन्हाळ्यात सहा नवे खेळाडू घेतले, एकही तेवीसच्या पुढचा नाही. पहिल्या तीन मॅच : ब्रेंटफर्डकडून दोन-शून्य, चेल्सीकडून दोन-शून्य, मॅन्चेस्टर सिटीकडून पाच-शून्य. नऊ गोल खाल्ले, केला एकही नाही, वीस संघांत विसावे. प्रशिक्षक आर्तेताला हाकला म्हणून केवढा गदारोळ झाला! क्लबने त्याला ठेवला. तो सीझन पाचव्या नंबरवर संपला आणि पुढचे तीन दुसऱ्या. दोरी बांधणारा माणूस तोच राहिला, हे त्यातलं मुख्य.

आता तुमच्याकडे बघ. २०१३ मध्ये तुमचे प्रशिक्षक फर्ग्युसन गेले. मग मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम. प्रत्येकाची रीत वेगळी, म्हणून प्रत्येकाला माणसं वेगळी हवीत. अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये, चालू सीझनमध्ये आला. त्याला तीन सेंटर बॅक आणि कडेने पुढे-मागे धावणारे दोन विंग बॅक घेऊन खेळवायचं होतं, आणि हाती होता तो संघ चार बॅकसाठी जमवलेला. नको झालेला खेळाडूही लगेच जात नाही. त्याचा करार चार-पाच वर्षांचा, पगार मोठा, तेवढा द्यायला दुसरा क्लब तयार व्हावा लागतो. याला मी बांधणी म्हणत नाही. दर दोन वर्षांनी पाया उकरून ठेवायचा आणि चाहत्यांना धीर धरा म्हणायचं, यावर तू रागावलास तर तुझं काही चुकत नाही.

पण एक सांगतो. फर्ग्युसन १९८६ मध्ये आले आणि डिसेंबर १९८९ मध्ये तुमच्याच ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने फलक धरला होता, तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता निघा, अशा अर्थाचा. त्या माणसाचं दुःख खोटं नव्हतं. १९९० मध्ये फर्ग्युसनचा तिथला पहिला करंडक, एफए कप, आला, १९९३ मध्ये लीग, तीही सव्वीस वर्षांनी. आपल्या घरचंच बघ. क्रिकेटमध्ये इंदूरच्या होळकर संघाने १९५२-५३ मध्ये रणजी जिंकली, त्यानंतर तो करंडक या मातीत आला थेट जून २०२२ मध्ये. चंद्रकांत पंडित मध्य प्रदेशचे कप्तान म्हणून बंगळुरूच्या ज्या मैदानावर १९९९ मध्ये अंतिम सामना हरले, तिथेच प्रशिक्षक म्हणून मुंबईला हरवून रडले. मी त्या दिवशी टीव्हीसमोरून उठलो नाही.

तेव्हा पुढची मॅच बघताना वीस मिनिटं चेंडू सोड आणि बॅकची रांग बघ. एक पुढे गेला की बाकीचे सरकतात का? गेल्या महिन्यात जिथून गोल खाल्ला, तिथूनच पुन्हा खातात का? हे वहीत लिहीत जा. सहा महिन्यांनी वही काय सांगते ते मला कळव. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नकोस, त्यात बाबांचं बरोबर आहे.

प्रश्न : माझ्या मुलाला कोचनी संघातून काढलं. नवा संघ बांधतोय, एवढंच म्हणाले. तो जेवत नाही, बोलत नाही. काय करू?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : ताई, कोचकडे जा, मुलाला घेऊनच. परत घ्या म्हणू नका. त्याच्यात काय कमी पडलं, ते त्याच्यासमोर सांगा, एवढं मागा. तेवढा त्याचा हक्क आहे. मी संघातून काढलेल्या माझ्या आठ मुलांना तो दिला नाही. नोटीस बोर्डावर यादी लावली आणि वर्गावर निघून गेलो. त्यातला गोलकीपर दुसऱ्या दिवशी शाळेचे ग्लोव्ह्ज परत करायला आला. टेबलावर ठेवले आणि न बोलता गेला. तो गेल्यावर हातात घेतले तर स्वच्छ धुतलेले, उन्हात वाळवलेले होते.