रस्त्याच्या मधोमध मेलेला आर्मडिलो: ही कसली उपमा?

'रस्त्याच्या मधोमध पिवळे पट्टे आणि मेलेले आर्मडिलो, याखेरीज काही नसतं' या अमेरिकन वाक्याचा राजकारणाशी काय संबंध, असं तुम्ही विचारलंय. टेक्ससमध्ये तीन वर्षं गाडी चालवलीय, त्यामुळे आधी त्या बिचाऱ्या प्राण्याबद्दल सांगतो.

आर्मडिलो साधारण मांजराएवढा, अंगावर चिलखतासारखं कवच, हिंडतो रात्रीचा. पाहून आपलं खवल्या मांजर आठवतं, पण दोघांचं नातं काही नाही. नजर अधू. दचकला की जागच्या जागी टुणकन तीनेक फूट उडतो. गप्प बसला असता तर गाडी वरून निघून गेली असती. हा उडी मारून नेमका तिच्या पोटाला आपटतो. सकाळी कामावर जाताना ऑस्टिनबाहेर चारी पाय वर करून पडलेले कितीतरी दिसायचे.

तिकडे येणारी आणि जाणारी वाहनं वेगळी करणारी मधली रेघ पिवळी असते. शिवाय इंग्रजीत पिवळा म्हणजे भित्रा, ही कोटी मराठीत येतच नाही.

वाक्य गाजलं ते जिम हायटॉवर यांच्यामुळे. १९८३ ते १९९१ ते टेक्ससचे कृषी आयुक्त होते; तिकडे हे पद निवडणुकीने मिळतं. पक्ष डेमोक्रॅटिक, बाजू छोट्या शेतकऱ्यांची. १९९७ मध्ये त्यांनी आपल्या पुस्तकालाच हे नाव दिलं. रोख घरच्यांवरही होता. क्लिंटन यांच्या काळात डेमोक्रॅटिक पक्ष मध्यममार्ग म्हणत म्हणत बड्या कंपन्यांकडे सरकला, हा त्यांचा राग. शेतकरी की कंपनी, कामगार की मालक, एकदाचं ठरवा. दोघांना खूश ठेवायला मधे थांबलात तर दोन्हीकडून उडवले जाल, असा त्याचा अर्थ. आपण 'तळ्यात की मळ्यात?' विचारतो तेच, फक्त आपल्या खेळात चुकणारा नुसता बाद होतो.

मला वाक्य आवडतं, पटतं मात्र अर्धंच. क्लिंटन त्याच मधल्या रस्त्याने १९९२ आणि १९९६ अशा दोन निवडणुका जिंकले. आणि खुद्द हायटॉवर १९९० मध्ये पडले ते रिक पेरींकडून. हे पेरी आदल्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले होते. पिवळी रेघ ओलांडून पार पलीकडे गेले, साधं खरचटलंही नाही.