रिपोर्ट नॉर्मल, तरी दिवसभर पेंग

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तरी दिवसभर अंगात जीव नसतो, डोळे चुरचुरतात. म्हणजे हे मनाचंच असणार ना?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सगळ्या वयाची माणसं येतात. बहुतेकांना कुणीतरी पाठवलेलं असतं. घरचे म्हणतात टेन्शन घेते, ऑफिसातले म्हणतात आळशी झालाय, आणि ऐकून ऐकून त्या माणसालाही तसंच वाटायला लागतं. माझं उत्तर असं की मनाचं असेलही, पण सुरुवात तिथून करू नका. आधी तुमची झोप कशी होते ते बघा. आणि ते तुम्हाला स्वतःला बघता येत नाही, दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं.

एका ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४७. पेठेतल्या एका बँकेत कॉम्प्युटरवरचं काम, घर धायरीला. घरात नवरा, सासूबाई, बारावीतली मुलगी. भेटीची वेळ नणंदेनं ठरवली होती. फोनवर म्हणाली, "वहिनी पहिल्यासारखी राहिली नाही हो. कुणाशी बोलत नाही, रविवारी नुसती पडून असते. तिनं काहीतरी मनाला लावून घेतलंय."

ताई आल्या त्या गॉगल लावूनच. काढला तेव्हा दिसलं, डोळे लाल होते, उजवा जास्त. बसल्या बसल्या सारख्या बोटानं पापणी चोळत होत्या. मी अजून काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मॅडम, मला डिप्रेशन आहे असं सगळे म्हणतात. तुम्ही सांगा काय करायचं."

अशा वेळी मी एक प्रश्न आवर्जून विचारते. झोप येते, की त्राण राहत नाही? निवांत बसायला मिळालं तर डोळा लागतो का? की पडून राहावंसं वाटतं, पण झोप काही येत नाही? दोन्हीला आपण थकवाच म्हणतो, पण दोन्हींच्या वाटा वेगळ्या. नैराश्यात, रक्त कमी असताना, थायरॉइड मंदावलं असताना माणूस बहुधा गळून जातो, उमेद जाते. बसल्या जागी पेंग यायला लागली की मात्र आधी झोपेकडे बघावं लागतं. अर्थात दोन्हींची सरमिसळ असू शकते.

ताईंना उत्तर शोधावं लागलं नाही. स्वारगेटहून बसमध्ये जागा मिळाली की संपलं, धायरीचा स्टॉप निघून जायचा आणि कंडक्टर उठवायचा. मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना त्या मांडीला चिमटे काढायच्या. आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, राजाराम पुलापाशी सिग्नलला ॲक्टिव्हावर असताना डोळा लागला होता. मागच्यानं हॉर्न दिला म्हणून जाग आली. हे घरी कुणालाच माहीत नव्हतं.

मी त्यांना एपवर्थची प्रश्नावली भरायला दिली. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलातल्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर निवांत बसल्यावर, कुणाशी बोलताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला ० ते ३ गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर झोपेची तपासणी करावी असं धरतात. ताईंचे १६ आले. त्याच दिवशी आमचं ठरलं की यापुढे गाडी चालवायची नाही, रिक्षाचे पैसे गेले तरी चालतील. बाकी सगळं सावकाश चालतं, यात मी सवलत देत नाही.

मग दिवस कसा जातो ते विचारलं. रात्री साडेअकराला पाठ टेकायची, पहाटे सव्वापाचला नळाचं पाणी, मग कणीक, तीन डबे, सासूबाईंचा चहा. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते, इथे सहासुद्धा होत नव्हती. कुणीही म्हणेल, झालं, कारण सापडलं. मलाही हे कारण खरंच वाटलं आणि ते खरं होतंही. नवऱ्याला बोलावून पाण्याचं आणि दुधाचं काम त्याच्याकडे दिलं, भाजी रात्रीच चिरून ठेवायची असं ठरलं. हे मी एका वाक्यात लिहिलं, पण आपल्या घरांत बाईची तासभर झोप वाढवायला किती वाटाघाटी कराव्या लागतात हे ज्यांनी केलंय त्यांना कळेल. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या.

झोप सात तासांवर गेली. तीन आठवड्यांनी ताई आल्या आणि म्हणाल्या, "जराही फरक नाही."

हीच खूण महत्त्वाची. पुरेशी झोपूनही सकाळी न झोपल्यासारखं वाटत असेल, तर झोप किती हा प्रश्न मागे पडतो. ती कशी होते हे बघायला लागतं.

दरम्यान डोळ्यांचं चालूच होतं. मेडिकलमधून आणलेले लाली घालवणारे थेंब त्या वर्षभर टाकत होत्या. असे थेंब रोज वापरले की परिणाम ओसरल्यावर डोळा पुन्हा लाल होतो, कधी आधीपेक्षा जास्त. कुणीतरी ॲलर्जी आहे म्हटल्यामुळे रोज रात्री सेट्रिझिनची गोळीही चालू होती. तिनं दुसऱ्या दिवशीही डोळ्यावर झापड राहू शकते, तोंड आणि डोळे कोरडेही पडू शकतात. हे दोन्ही डॉक्टरांना सांगावं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या मते थेंब काय आणि ॲलर्जीची गोळी काय, ही काही औषधं नव्हेत. म्हणून मी सगळ्यांनाच सांगते, डॉक्टरांकडे जाताना घरात जे जे घेता ते पिशवीत घालून न्या.

मी त्यांना विचारलं होतं, डोळे कधी जास्त त्रास देतात? स्क्रीनमुळे दुखणारे डोळे सहसा दुपारनंतर दुखतात. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी स्क्रीनकडे बघताना निम्म्यावर येते, त्यात एसीचा झोत, आणि चाळिशीत जवळचा नंबर बदललेला असतो. ताईंना दुपारी त्रास व्हायचा, पण सगळ्यात वाईट वेळ सकाळची. उठताना पापण्या चिकटलेल्या, वाळू गेल्यासारखं खुपायचं, आणि उजव्या डोळ्याला जास्त. स्क्रीन रात्रभर बंद असते. मग रात्री डोळ्यांना काय होतं?

याचं उत्तर नेत्रतज्ज्ञांनी काढलं. त्यांनी नंबर तपासला, अश्रूंची चाचणी केली, डोळे कोरडे आहेत म्हणाल्या. मग अंगठ्यानं उजवी वरची पापणी हलकेच वर ओढली. ती एकदम सैल, रबरासारखी उलटली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कोणत्या कुशीवर झोपता?" "उजव्या." आणि पुढचा प्रश्न, "घोरता का?"

ताई म्हणाल्या, "नाही."

पापणी अशी सैल झाली की झोपेत ती उशीला घासून उघडी राहते, डोळा रात्रभर वाळतो, आणि ज्या कुशीवर झोपतो तो डोळा जास्त दुखतो. आणि अशा पापण्या असणाऱ्या पुष्कळांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार असतो, म्हणजे स्लीप ॲप्निया. नेत्रतज्ज्ञांनी चिठ्ठीवर तसं लिहून दिलं. ती चिठ्ठी ताईंनी पर्समध्ये ठेवून दिली होती. मला दाखवली ती पुढच्या भेटीत, निघता निघता.

मी नवऱ्याला विचारलं. सुरुवातीला त्यांनीही टाळलं. ते हॉलमध्ये झोपतात. कारण विचारलं तर एसी सोसत नाही, असं घरात सांगितलं जायचं. शेवटी बायकोकडे न बघता म्हणाले, "घोरते. पण मला त्याचा त्रास नाही. मध्येच आवाज बंद होतो, मी वाट बघत राहतो. मग एकदम गचकन श्वास घेते. एकदोनदा उठवलंय मी." ताई रडायला लागल्या. "बाईमाणसानं घोरायचं म्हणजे... मुलीच्या मैत्रिणी राहायला आल्या तर मी रात्रभर जागी बसते, मॅडम."

यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. पुरुष घोरतो त्यावर घरात हसतात, बाईचं मात्र लपवतात. नवराही तिची लाज राखायची म्हणून लपवतो. त्यामुळे हा आजार बायकांमध्ये कितीतरी उशिरा सापडतो. त्यात बायका डॉक्टरांपुढे घोरण्याची तक्रार करतच नाहीत. थकवा, सकाळचं डोकं दुखणं, रात्री लघवीला उठणं, चिडचिड, उदास वाटणं हेच सांगतात, आणि यातलं प्रत्येक लक्षण पाळी जाण्याच्या वयात 'या वयात होतंच' म्हणून निकालात निघतं. त्याच वयात या विकाराची शक्यताही वाढते. वजन जास्त असेल तर धोका अधिक, पण जबड्याची ठेवण लहान असेल तर बारीक माणसालाही होतो.

फॅमिली डॉक्टरांनी ताईंना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. झोपेची तपासणी रात्रभर चालते. नाकापाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. काहींची घरच्या घरीही होते. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबणं किंवा फार कमी होणं, असं तासाला किती वेळा घडतं ते मोजतात. पाचच्या वर गेलं की विकार धरतात, १५ च्या वर मध्यम, ३० च्या वर तीव्र. ताईंचा आकडा २७ होता. दर दोनेक मिनिटांनी मेंदू त्यांना हलवून जागं करत होता आणि सकाळी यातलं काहीही आठवत नव्हतं.

रक्ताचं सांगायचं राहिलं. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे कागदावर नॉर्मल. पण लोहाचा साठा किती आहे हे दाखवणारी फेरिटिनची तपासणी कधी झालीच नव्हती. ती केली, साठा जवळजवळ रिकामा. दोन वर्षं पाळीत जास्त रक्त जात होतं. हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधीही लोहाचा तुटवडा माणसाला थकवू शकतो. तेव्हा 'सगळं नॉर्मल' म्हणताना त्या सगळ्यात काय काय तपासलं होतं, हे विचारलं पाहिजे.

यावर उपाय म्हणून डॉक्टरांनी श्वासाचं यंत्र सांगितलं, झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं. त्याचा मास्क बघून ताई हबकल्या. हे यंत्र नवं नाही, सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते वापरल्याचं प्रसिद्ध केलं आणि तेव्हापासून जगभर वापरतात, असं मी सांगितलं, पण त्यांची भीती निराळी होती. हे तोंडाला लावलेलं मुलगी बघेल, सासूबाई बघतील. सुरुवातीला यंत्र न लावता नुसता मास्क हातात धरायचा, मग संध्याकाळी मालिका बघताना थोडा वेळ घालून बसायचं, असं करत करत सवय लावली. पहिला मास्क सैल होता, हवा वर निसटून डोळे आणखी कोरडे व्हायला लागले. माप बदलून घेतलं. अशा वेळी माणसं यंत्र कपाटात टाकून देतात, ज्यांनी दिलं त्यांना फोन करत नाहीत.

सगळ्यांच्या थकव्यामागे हेच असतं असं मुळीच नाही. स्पर्धा परीक्षेसाठी पेठेत राहणाऱ्या एका मुलीचे डोळे जळायचे आणि पुस्तकावर डोकं पडायचं. अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत बसणं, मेसचं जेवण झालं की लगेच चहा, हिमोग्लोबिन ८. जेवणासोबतचा चहा लोह अंगी लागू देत नाही. हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्या मुलाला दिवसा काळे पडदे आणि आठवडाभर एकच पाळी एवढ्यानं बराच फरक पडला. एक काका वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत होते, त्यात शुद्ध शाकाहारी, त्यांचं बी-१२ कमी निघालं. आणि काहींना खरोखर नैराश्य असतं. पहाटे तीन-चारला जाग येते, परत झोप लागत नाही, आवडीच्या गोष्टींचीही गोडी वाटत नाही. त्यांनी रक्त तपासून झाल्यावर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला संकोचू नये.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. डोळा खूप दुखतोय आणि अंधुक दिसतंय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलटी होते, उजेड सहन होत नाही, असं झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दिवस कलला की पापण्या गळतात, एकाचे दोन दिसतात, हेही डॉक्टरांना लवकर सांगायचं.

ताईंचा एपवर्थचा आकडा आता ७ आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार सुरू झालेत, लालीचे थेंब डॉक्टरांनी बंद केले, सेट्रिझिनही. आता साधे अश्रूंसारखे थेंब आहेत. गावाला लग्नाला गेल्या तेव्हा यंत्र नेलं नाही आणि तीन दिवस पुन्हा तसेच गेले, हे त्यांनी आपणहून सांगितलं. समुपदेशन मात्र संपलेलं नाही. उदासी बरीच निवळली, पण 'मीच आळशी' हे इतकी वर्षं ऐकलेलं अजून निघत नाही, त्यावर आम्ही काम करतो आहोत. पुढच्या भेटीला त्या सासूबाईंना घेऊन येणार आहेत. त्याही घोरतात म्हणे, आणि दुपारभर पेंगत असतात.