प्लास्टर होण्याआधी

प्रश्न : ताई, मी बडोद्यात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. मला बागेत, चौकात, शाळांच्या भिंतींवर म्युरल्स आणि शिल्पं करायची आहेत. आई म्हणते, एक काहीतरी धर. हे सोडून फाइन आर्ट्सला जाऊ का?
– एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : सोडू नकोस. पदवी पूर्ण कर आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणीही कर. १९७२च्या कायद्यानुसार त्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे. आपल्याकडे कलाकाराला बोलावणं जातं तेव्हा इमारत रंगवून झालेली असते. कोपरा रिकामा दिसतो, म्हणून शिल्प. आर्किटेक्ट मात्र पहिल्या नकाशापासून हजर असतो. भिंत किती जाड, तिच्यावर ऊन कधी येतं, पावसाचं पाणी कुठून ओघळतं, हे तूच ठरवणार. म्युरलची जागाही तेव्हाच ठरायला हवी, प्लास्टर होण्याआधी.

बडोद्यातल्याच कीर्तिमंदिरात, गायकवाड घराण्याच्या स्मारकात, एकदा फक्त भिंतींसाठी जा. इमारत १९३६ची, चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्याने तिथे गंगावतरण, मीरा, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध रंगवलं. कुठे उभं राहिलं की पूर्ण चित्र नजरेत येतं, उजेड कुठून पडतो, ते वहीत काढ.

मी टेराकोटात, म्हणजे भाजलेल्या मातीत काम करते, म्हणून त्याचंच सांगते. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहाव्या हिश्श्याच्या आसपास आकसते. दहा फुटांची भिंत भरायची तर कच्चं काम अकरा फुटांहून थोडं मोठंच घ्यावं लागतं. प्रत्येक मातीचा हिशेब निराळा, म्हणून आधी नमुना भाजून पट्टीने मोजायचा. जाड तुकडे मागून पोखरायचे, नाहीतर भट्टीत फुटतात. बसवताना मध्ये सांधे सोडायचे, कारण बडोद्याच्या मे महिन्यात भिंत प्रसरण पावते. तुकडे भिंतीला धरून ठेवणारे अँकर स्टेनलेस स्टीलचेच. साधं लोखंड गंजलं की फुगतं आणि मातीला तडा देतं. हे सगळं इंजिनिअरशी त्याच्या भाषेत बोलता येणं, हे तुझं शिक्षण तुला देतंय. हात मात्र वेगळा बसवावा लागेल. सुट्टीत कुंभाराच्या भट्टीवर किंवा ओतकामाच्या कारखान्यात राब. फाइन आर्ट्सचं कॉलेज तर गावातच आहे. शिल्पकार शंखो चौधुरी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी तिथे शिकवलंय. तिथली मुलांची प्रदर्शनं चुकवू नकोस.

आईची काळजी रास्त आहे. सुरुवातीची वर्षं घरं, दुकानं, दुरुस्त्या यांवरच काढावी लागतील. माझ्या ऑफिसचं भाडं आणि पगार अजूनही त्यातूनच निघतात. म्हणूनच कलेचं काम नकाशाच्या फीमध्ये ‘बघून घेऊ’ म्हणून कधीही मिसळू देऊ नकोस. वेगळा करार, वेगळी रक्कम, साहित्याचे पैसे आगाऊ.

करारात आणखी एक गोष्ट हवी. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भव्य म्युरल १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवलं गेलं, त्याची मोडतोड झाली. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा, म्हणजे कलाकाराच्या आपल्या कृतीवरच्या नैतिक हक्काचा, आधार घेऊन अवशेष त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. कायदा आपल्या बाजूने आहे, पण निकालापर्यंत किती वर्षं गेली बघ. तेव्हा काम हलवायचं, रंगवायचं किंवा पाडायचं असेल तर आधी तुला लेखी कळवायचं, ही अट पहिल्याच करारात घाल. ग्राहक नात्यातला असला तरी घाल.