आकाशातल्या रेघा: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे कृत्रिम उपग्रहांविषयी आहेत आणि त्यांतला गोंधळही बहुधा एकच आहे. म्हणून या वेळी सर्व जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न: संध्याकाळी एकापाठोपाठ एक जाणारी दिव्यांची माळ दिसली. गावात कोणी क्षेपणास्त्र म्हणतात, कोणी परग्रहवासी. ते काय असावे?

नुकतेच सोडलेले, अवकाशातून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह. मे 2019 मध्ये पहिले 60 उपग्रह सोडले गेले तेव्हापासून ही माळ जगभर दिसते आहे, आणि उपग्रह काही आठवड्यांत वरच्या कक्षेत पांगले की ती दिसेनाशी होते. मोबाइलवर फिरणारा मजकूर पुढे पाठवण्याआधी जवळच्या खगोल मंडळात एक फोन करावा.

प्रश्न: आकाशदर्शनासाठी रात्रीची कोणती वेळ निवडावी? माझा मुलगा लंडनला असतो. तो म्हणतो, जूनमध्ये तिकडे रात्रभर उपग्रह दिसतात. हे खरे का?

खरे आहे. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो, त्याच्यावर पडलेले ऊन आपल्याला दिसते. सुमारे 550 किलोमीटर उंचीवरचा, आपल्या माथ्यावरून जाणारा उपग्रह महाराष्ट्रात सूर्यास्तानंतर दीड ते पावणेदोन तासांत पृथ्वीच्या सावलीत शिरतो. 1200 किलोमीटरवरच्याला आणखी पाऊण तास लागतो. लंडनमध्ये जूनच्या मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम 15 अंश जातो, त्यामुळे तिथे माथ्यावरचे उपग्रह रात्रभर उन्हात राहतात. आपल्याकडे रात्री दहा ते पहाटे साडेतीन हा काळ त्या मानाने बरा. पहाटे मात्र हाच त्रास उलट क्रमाने सुरू होतो.

प्रश्न: पेंचच्या एका निवासाच्या जाहिरातीत ‘उपग्रहमुक्त आकाश’ असे लिहिले आहे. जावे का?

पेंचला अवश्य जावे, त्या जाहिरातीवर विश्वास ठेवून मात्र जाऊ नये. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ती जमिनीवरच्या दिव्यांवर ठेवलेल्या नियंत्रणासाठी. उपग्रहांवर कोणत्याही अभयारण्याची सत्ता चालत नाही. उलट आकाश जितके काळे, तितके मंद उपग्रहही डोळ्यांना अधिक दिसतात.

प्रश्न: छायाचित्रातील उपग्रहांच्या रेघा घालवणारा फिल्टर आठ हजारांना मिळतो आहे. घ्यावा का?

घेऊ नये. शहरी दिव्यांचे ठरावीक रंग अडवणारे फिल्टर असतात. उपग्रहावरून येणारा प्रकाश सूर्याचाच, म्हणजे सगळ्या रंगांचा. तो अडवणारा फिल्टर तारेही अडवील. 550 किलोमीटरवरचा उपग्रह माथ्यावर असताना अर्ध्या मिनिटात सप्तर्षींच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, हे ध्यानात घेऊन दहा मिनिटांचे एकच चित्र घेण्याऐवजी तीस-तीस सेकंदांची वीस घ्यावीत. ती एकत्र करताना एकाच चित्रात आलेली रेघ संगणक वगळू शकतो. मोबाइलमधील ‘खोडरबर’ वापरून रेघ पुसू नये, कारण तिथे जे भरले जाते ते आकाश नसते. एवढा पैसा खर्च करण्यापूर्वी अनुभवी छायाचित्रकाराचा सल्ला घ्यावा.

प्रश्न: आता उपग्रहांना काळा रंग देतात असे ऐकले. मग प्रश्न मिटला ना?

मिटलेला नाही, आणि हे ऐकीव समाधान मला सर्वांत धोक्याचे वाटते. जानेवारी 2020 मध्ये एका उपग्रहाचा काही भाग काळा करून पाहिला गेला. त्याचे तेज सुमारे निम्म्यावर आले. पण काळा पृष्ठभाग ऊन शोषून तापतो, म्हणून तो मार्ग सोडून द्यावा लागला. पुढे ऊन अडवणारी झडप लावली गेली, नंतर तीही काढली. उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा मंद असावेत, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत, अशी खगोलशास्त्रज्ञांची मागणी आहे. ती समजा उद्या पूर्ण झाली, तरी अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या रेडिओ दुर्बिणींचे काय? नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. जागा निवडताना आसपासचे डोंगर शहरांचा रेडिओ गोंगाट अडवतील, हाही विचार झाला होता. माथ्यावरून जाणाऱ्या उपग्रहाला कोणता डोंगर अडवणार? 2023 मध्ये नेदरलँड्समधील लोफर या रेडिओ दुर्बिणीने दाखवून दिले की, स्टारलिंक उपग्रहांतील विद्युत उपकरणांतून 110 ते 188 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात लहरी गळतात. हे त्यांचे इंटरनेटचे प्रक्षेपण नव्हे, नुसती गळती आहे, आणि विश्वाच्या बाल्यावस्थेतील हायड्रोजनचा अतिक्षीण संकेत याच पट्ट्यात शोधला जातो. पुढच्या वर्षी त्याच दुर्बिणीला नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती कितीतरी पटींनी अधिक आढळली. मुद्दाम केलेल्या प्रक्षेपणासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत; अशा गळतीसाठी उपग्रहांना बांधील नियम नाहीत. हे नियम उपग्रह वर जाण्याआधीच व्हायला हवे होते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून हे नुकसान कोणाच्या बोलण्यात येत नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगतो.

प्रश्न: चार महिन्यांपूर्वी मृग नक्षत्राच्या छायाचित्रात एक तेजस्वी ठिपका आला. नवा तारा असेल का?

बहुधा नाही. गिरक्या घेणाऱ्या उपग्रहावरून किंवा अग्निबाणाच्या तुकड्यावरून क्षणभर ऊन चमकले तरी असाच ठिपका उमटतो. अतिदूरच्या जीएन-झेड 11 या दीर्घिकेत दिसलेल्या स्फोटाचा गाजलेला दावा असाच शंकास्पद ठरला. ती चमक अग्निबाणाच्या अवशेषाची असल्याचे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आपण वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली नाही, जागाही लिहिलेली नाही, आणि चार महिने थांबलात. आता कोणता उपग्रह होता, हे शोधणे जवळपास अशक्य आहे. पुढच्या वेळी मूळ फाइल न पुसता त्याच रात्री जाणकाराला दाखवावी.

प्रश्न: दुर्बिणीतून उपग्रह पाहिल्यास डोळ्यांना इजा होते का?

नाही. संधिप्रकाशात उपग्रह शोधताना दुर्बीण सूर्याकडे मात्र कधीही वळवू नये.