जन्मनोंदीत बाळाचं नावच नाही, तर ते आमचेच पणजोबा हे कसं ठरवायचं?

1909 च्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, बापाच्या नावापुढे नुसतं ‘मुलगा’ लिहिलंय, म्हणून तुम्ही अडलात. नाव नसणारच. जन्माची वर्दी लगेच जायची, बारसं नंतर. पण हे बुक कोणत्या गावचं? पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तेव्हा पणजोबांचं आजोळ आधी धुंडाळा.

माझी आजी 1918 ची. अमळनेर तालुक्यात मावशीकडे वाढली. आमचे चुलत काका चारचौघांत म्हणायचे, ‘उचलून आणलेली पोर ती, तिचं कूळ काय लिहायचं?’ वंशावळीत तिच्यामागे कोरी जागा. म्हातारपणी ओट्यावर बसून ती मलाच विचारायची, ‘मनी माय कोन व्हती?’

दोन वर्षं मी अमळनेरकडची दप्तरं चाळली. मग मावशीचं माहेर आठवलं, तापीपल्याड चोपड्याकडचं. मोडी वाचणारे एक गुरुजी सोबत नेले. ऑगस्ट 1918 : ‘मुलगी’, बापाचं नाव, गाव. पुढे ऑक्टोबरातले मृत्यू, पानंच्या पानं. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. इन्फ्लुएंझाची साथ ती. त्यातच एक ओळ, त्याच बापाच्या नावाने : ‘याची बायको, वय 19, ताप’. गुरुजींनी ती ओळ दोनदा वाचली. बाईचं स्वतःचं नाव तिथेही नाही.

खात्री झाली ती बापाच्या गावच्या जुन्या फेरफारावरून, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीवरून. तोही लवकर गेलेला. वारस म्हणून आजीचं नाव, ‘अज्ञान, अ.पा.क. मावशी’, म्हणजे मूल वयाने लहान, अज्ञान पालनकर्ती मावशी. उचलून आणलेल्या पोरीला कोणी वारस लावतं का? काकांपुढे नक्कल ठेवली, तर म्हणाले, ‘बायकांकडच्या कागदाला काय किंमत?’ आजी तोवर गेली होती.

तुमच्याही घरात असं बोलणारा कोणीतरी असेलच. त्याचं ऐकू नका. पणजोबांच्या आईचं माहेर शोधा, त्या वर्षाचे मृत्यूही वाचा, आणि लेकी-सुना वंशावळीत गावासकट लिहा.

हो, जातपडताळणीसाठी हवं असेल तर पुरावा सहसा वडिलांकडच्या कुळाचा लागतो. एकाच नावाचे दोन बाप एका गावात असतात, त्यामुळे वारसनोंदीशी जुळल्याशिवाय ठाम बोलू नका. आणि 1906 मध्ये खानदेश जिल्हा पूर्व-पश्चिम असा फुटला, म्हणून गाव धुळे-नंदुरबारकडचं असेल तर 1909 चा कागद ‘पश्चिम खानदेश’ नावाने मागा.

आजीमागच्या कोऱ्या जागेत मी तिच्या आईवडिलांची गावं लिहिलीत. आईचं नाव अजून शोधतेय.